ओठ न लागणारी अक्षरे

११ जानेवारी

दादाचे तोंड वाकडे झाले. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या बऱ्या शब्दांत बसते का ते पाहिले. बसत नाही.

सकाळी त्याने चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर आले. वहिनी म्हणाली, "हे काय नवीन सोंग?" दादा घरात सारखी सोंगे काढतो म्हणून ती हसली. भिंगरीही हसली. मग तो आमच्याकडे वळला. अर्धा चेहरा त्याचा होता आणि अर्धा कोणी ओला टॉवेल टांगावा तसा लोंबत होता. भिंगरी म्हणाली, "बाबा, पुरे आता."

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची शीर सुजली आहे, बहुतेकांची तीन महिन्यांत उतरते. दादाने विचारले, "राहिलेल्यांची?" डॉक्टर म्हणाले, "आपण बहुतेकांत आहोत असं धरून चालायचं."

१४ जानेवारी

नवी वही आहे, तेव्हा सगळे रीतसर लिहितो. दादा शब्दभ्रमाचे प्रयोग करतो. मांडीवर नकट्या नावाचा लाकडी बाहुला असतो आणि दोघे भांडतात. नकट्याचा आवाज दादाच काढतो, पण ओठ हलू देत नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून नकट्याच्या बोलण्यात ती येता कामा नयेत. दादा त्यांना ‘ओठाळ’ म्हणतो. हा शब्द कोशात नाही, मी पाहिले आहे. ‘व’ अर्धा ओठाळ आहे, पण तो दातांवर निभावतो.

नकट्याची वाक्ये लिहायची आणि त्यातली ओठाळ अक्षरे चाळून काढायची हे माझे काम. नकट्याला भूक लागत नाही, तो ‘खायला दे’ म्हणतो. त्याला माफी मागता येत नाही, ‘चुकलं’ म्हणतो. प्रेम करता येत नाही, जीव लावता येतो. आणि तो स्वतःला ‘मी’ म्हणू शकत नाही, ‘हा’ म्हणतो. "हा थकला. याला खाली ठेव." लोकांना ती गंमत वाटते. ती गंमत नाही, अडचण आहे.

मी आठवीत शाळा सोडली. गणिताने माझ्यापुढे हात टेकले की मी गणितापुढे, ते सोडा, पण शुद्धलेखनात माझी चूक दाखवा म्हणावे. म्हणूनच दादा मला पंतोजी म्हणतो.

आता दादाचे ओठ मिटतच नाहीत. ओठाळ अक्षरे त्याच्या स्वतःच्या बोलण्यातून गेली. नकट्या मात्र ठणठणीत आहे, त्याला ओठ कधी लागतच नव्हते. आज दादाने त्याला पेटीतून काढून मांडीवर घेतले. नकट्या खणखणीत आवाजात म्हणाला, "काय रे, तोंड कोणाकडे ठेवून आलास?" भिंगरीने टाळ्या वाजवल्या. आता उत्तर दादाने द्यायचे होते. दादाने नकट्याला परत पेटीत ठेवले आणि पेटीचे झाकण लावले.

२ फेब्रुवारी

व्यायाम चालू आहेत. गाल फुगवणे, शीळ घालणे, मेणबत्ती विझवणे. फुंकर कोपऱ्यातून निसटते आणि ज्योत जागची हलत नाही. भिंगरी मागून हळूच फुंकून ती विझवते आणि "बाबांनी विझवली!" म्हणून नाचते. बाहेर जाताना दादा तोंडावर रुमाल बांधतो. डावा डोळा मिटत नाही, म्हणून झोपताना वहिनी त्याच्यावर पट्टी चिकटवते.

मला एक तोडगा सुचला. नकट्यासाठी चाळतो, तसे दादासाठी का चाळू नये? जेवताना त्याला मीठ हवे होते. ‘म’चा ‘न’ होऊन तो "नी…" म्हणून अडला. मी चटकन म्हणालो, "दादा, ‘अळणी आहे’ असं म्हण. एकही ओठाळ नाही."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, वाटी पुढे सरकवली असती तर चाललं नसतं का?"

तिचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नाही. वाटी एकदा सरकवता येते, शब्द जन्मभर पुरतो.

५ फेब्रुवारी

भिंगरीला हाक मारायची झाली तर दादाच्या तोंडून ‘हिंगरी’ येते. मी ‘गिरकी’ सुचवले. अर्थ जवळचा आहे आणि ओठ लागत नाहीत. भिंगरी फणकारली, "मी नाही गिरकी. मी भिंगरी! बाबा, म्हण ना."

दादाने म्हटले. "हिंगरी."

ती खो खो हसत त्याच्या गळ्यात पडली. "परत! परत म्हण!" त्याने सात-आठ वेळा म्हटले. मला फार वाईट वाटले. मुलांना समोरच्याचे दुःख कळत नाही.

पुढे मीच म्हणालो, "आणि मला पंतोजीऐवजी गुरुजी म्हटलंस तरी चालेल." दादा माझ्याकडे बघत राहिला. एक डोळा मिटतो, एक मिटत नाही, त्यामुळे तो रागावला आहे की नाही हे हल्ली ओळखता येत नाही.

वहिनी भांडी उचलताना म्हणाली, "त्यांना चुकू द्या की जरा. चुकायला काय पैसे पडतात?"

२१ फेब्रुवारी

आमच्या खेळमंडळीचे मॅनेजर घरी आले. ते बसले दादासमोर, पण बोलले वहिनीशी. "यांच्या जागी जादूगाराला दोनदा उभा केला. लोक ओरडतात, नकट्या कुठंय? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ऐकलं होतं, इथं नकट्याच्या खेळाला! यांना कधी जमेल काही अंदाज?"

"समोर बसलेत. त्यांनाच विचारा," वहिनी म्हणाली.

मॅनेजरांनी मग मोठ्याने, बहिऱ्याला विचारावे तसे विचारले. दादाने नकट्याची पेटी जवळ ओढली.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. उंच पाठीच्या खुर्चीत मी बसायचे, नकट्या माझ्या मांडीवर. माणसाची वाक्ये मी म्हणायची, ती मीच लिहिलेली असल्यामुळे मला तोंडपाठ आहेत. दादा खुर्चीच्या पाठीमागे कापडाआड बसेल आणि नकट्याचा आवाज देईल. चेहरा कोणाला दिसायला नको, ओठाळ अक्षर म्हणायला नको. साप मरतो आणि काठीही मोडत नाही.

मॅनेजरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरगं हुशार आहे तुमचं."

दादाने बराच वेळ नकट्याच्या पेटीची कडी वरखाली केली. मग म्हणाला, "ठीक." ‘बरं’ म्हणाला नाही, ‘ठीक’ म्हणाला. म्हणजे माझी चाळणी त्याच्या जिभेवर बसू लागली आहे.

२७ फेब्रुवारी

वहिनी मंडळीचे कपडे शिवते. खुर्चीचे काळे कापड तिच्याकडेच आले. मी सांगितले, श्वासासाठी मागे एक झडप ठेव.

ती म्हणाली, "ठेवते. पिंजऱ्यालासुद्धा ठेवतात."

मशीन चालवताना तिने सुई बोटात घुसवून घेतली. असे तिच्याकडून कधी होत नाही.

१० मार्च

पहिला प्रयोग झाला. प्रयोगाआधी मी नकट्याचे तोंड उघडणारा खटका इतक्यांदा तपासला की दादाने माझे मनगट धरून खाली ठेवले.

दादा उंच आहे. खुर्चीआडच्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसावे लागते. बोलण्याआधी तो श्वास सोडतो तो कापडातून माझ्या पाठीला लागतो, तीच माझी खूण. श्वास लागला की अंगठा खटक्यावर. नकट्याचे तोंड आणि आवाज यांत फट पडली नाही.

लोक वेडे झाले. पहिल्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ उठून रंगमंचाच्या कडेला आला, हनुवटी वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मागे वळून ओरडला, "अहो, तसूभर हलत नाहीत ओठ! तसूभर!" केवढ्या टाळ्या. ओठ कसे हलणार, मी गप्प बसलो होतो.

मला त्या टाळ्या आवडल्या. हे लिहू नये असे वाटले, पण खोटे कशाला लिहू.

प्रेक्षक आत येऊन माझ्याशी हात मिळवत होते, त्यामुळे हॉल रिकामा होईपर्यंत दादाला आडून निघता आले नाही. पाय आखडले होते. मी हात दिला. त्याने तो धरला, उठला, आणि म्हणाला, "छान." हा पूर्ण चाळलेला शब्द आहे.

३० मार्च

मॅनेजर मला आता ‘अहो’ म्हणतात. दादाला म्हणतात, "या, इकडनं मागून या." मागच्या जिन्याने, कोणाच्या नजरेस न पडता. मी म्हणालो, दोघेही मागून जाऊ. ते म्हणाले, "तुम्ही मागनं आलात तर लोक काय म्हणतील?"

दादा घरी फारसे बोलत नाही. बोललाच तर तुटक. "दे." "नको." "झालं." ओठाळ शब्द मी कित्येक दिवसांत ऐकला नाही. पद्धत लागू पडली आहे.

फक्त भिंगरी त्याच्या मागे लागते, "हिंगरी म्हण ना बाबा." आता तो तेही म्हणत नाही.

१३ एप्रिल

तीन महिने झाले. डॉक्टरांनी दादाचा गाल दाबून पाहिला, टोचून पाहिला. आज त्यांनी ‘बहुतेक’ हा शब्द वापरला नाही. म्हणाले, "आता आहे त्यातून मार्ग काढायचा." मी उत्साहाने सांगितले, आम्ही तो कधीच काढला आहे.

घरी आल्यावर दादाने मेणबत्ती खिडकीतून खाली टाकली. मी ती उचलून आणली. तुटली नव्हती.

२० एप्रिल

आज अक्षर नीट येत नाही.

खेळाच्या मध्यावर मी विचारले, "नकट्या, तू शाळेत का जात नाहीस?" उत्तर ठरलेले होते. पाठीला श्वास लागला, नेहमीपेक्षा लांब. नकट्या म्हणाला, "आज याची शाळा घेऊ. सांगा रे, याला काय येतं?"

लोक हसले. हे संहितेत नव्हते.

"याचे ओठ हलत नाहीत. का हलत नाहीत? कारण याला काहीच येत नाही!"

हशा. पुढच्या रांगेतली मुले खुर्च्यांवर उभी राहिली.

"खुर्चीआड कोण दडलंय, सांगू? सांगू?"

अंगठा काढला असता तर नकट्याचे तोंड मिटले असते आणि आवाज उघडा पडला असता. म्हणून अंगठा चालूच ठेवला. लोकांना दिसले ते असे, की मीच माझी टिंगल करवून घेतो आहे. शेवटी तोंडातून निघाले, "बरं बाबा, मी गाढव." छप्पर उडेल एवढ्या टाळ्या पडल्या.

पाठीला श्वास लागत नव्हता. मग नकट्या अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हा थकला. याला खाली ठेव." ते शेवटचे ठरलेले वाक्य आहे. खेळ तिथे संपतो.

घरी जाताना मी दादाला म्हणालो, "रागाच्या भरातसुद्धा एक ओठाळ अक्षर आलं नाही. कमाल आहे." मी मनापासून म्हणालो. तो चालता चालता थांबला. "चुकलं," म्हणाला. ‘माफ कर’ म्हणायचा प्रयत्न तरी केला असता तर मला रडू आवरले नसते.

२३ एप्रिल

मॅनेजर म्हणाले, "परवा हसण्यावारी गेलं. उद्या कोणी उठून कापड ओढलं तर? हसं कोणाचं होईल? आवाज टेपवर भरून घ्या. एकदाच. यांना त्या खुराड्यात बसायला नको, पाय आखडायला नको. आराम."

मलाही ते पटले. दादाचे गुडघे सुजतात.

वहिनी म्हणाली, "आणि मग हे काय करतील?"

"म्हटलं ना, आराम."

"बत्तीस वर्षांच्या माणसानं आराम करायचा? तुम्ही करता का हो?"

मॅनेजर चहा अर्धा ठेवून उठले. जिन्यात मला म्हणाले, "वहिनींना तुम्हीच समजवा. तुम्ही शिकलेले." मी शिकलेला नाही. पण हे मी त्यांना सांगितले नाही.

वहिनीला समजवायला गेलो. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही वाईट नाही. तेच तर मेलं अवघड आहे." याचा नीट अर्थ लागत नाही. विचारले तर म्हणाली, कोशात बघा.

३ मे

टेप भरली. कापसाने मढवलेली खोली, काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा. दादाने सगळे खेळ ओळीने म्हटले. मी संहिता हातात धरून होतो, पण त्याने एकदाही पाहिले नाही. ना अडला, ना पाणी मागितले. मध्ये मध्ये थांबायचा. मी विचारले, "काय झालं?" तर बोट कानाला लावून म्हणाला, "हसतायत." कोणीच हसत नव्हते. मग कळले, तो प्रेक्षकांच्या हशासाठी जागा सोडत होता.

शेवटी काचेपलीकडून विचारले, "झालं? आणखी काही?"

दादा पुढे झुकला. ओठांवर बोटे ठेवली, डावीकडून खालचा ओठ चिमटीत धरून वरच्यावर दाबला, आणि म्हणाला, "नी."

पुन्हा दाबला. "नी."

काचेपलीकडचा म्हणाला, "शेवटी काहीतरी खरखर आलीय. कापू का?"

मी म्हणालो, "कापा. ते संहितेत नाही."

दादाने हात खाली घेतला. परत येताना दुकानातून भिंगरीसाठी शिट्टी घेतली. स्वतः वाजवून बघितली नाही.

९ मे

टेपवर पहिला प्रयोग. दादा घरीच राहिला.

खुर्चीच्या मागे आता पेटीएवढे यंत्र आहे. पाठीला काही लागत नाही, त्यामुळे अंगठा उशिरा पडतो. दादाने सोडलेल्या जागा कुठे लांब होतात, कुठे आखूड. लोक हसत असतानाच नकट्या पुढचे बोलून टाकतो, किंवा हशा विरून गेल्यावर तोंड मिटून बसतो. टेपला लोक दिसत नाहीत. दादाला कापडातूनही दिसत होते की काय कोण जाणे.

टाळ्या पडल्या, पण तशा नाही. मॅनेजर म्हणाले, "सवय होईल."

घरी दादा विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवले होते. त्याने विचारले नाही.

१२ मे

आज दुपारी नकट्याची पेटी उघडी दिसली. दादा त्याच्यासमोर जमिनीवर बसला होता. नकट्या भिंतीला टेकून होता, दादाचा हात त्याच्या पाठीत नव्हता. मी आवाज न करता मागे फिरलो. नंतर पेटी पाहिली तर नकट्याच्या तोंडाचा सैल झालेला सांधा त्याने दुरुस्त करून ठेवला होता. खटका आता माझ्या अंगठ्याच्या मापाला बसतो. त्याचा अंगठा जाड आहे, माझा बारीक.

म्हणजे त्याने सगळे स्वीकारले आहे. बरे वाटले.

१७ मे

आज दादा बराच ताजातवाना दिसला. दाढी केली, डाव्या गालावरसुद्धा जपून. भिंगरीची वेणी घातली, वाकडी झाली तर सोडून परत घातली. ती म्हणाली, "बाबा, हिंगरी म्हण ना." आणि इतक्या आठवड्यांनी त्याने म्हटले. "हिंगरी." "परत!" "हिंगरी. हिंगरी." वहिनी मशीन थांबवून बघत होती. मग तिने मान खाली घालून पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.

दुपारी मी नव्या टेपसाठी वाक्ये चाळत बसलो होतो. दादा दारात चपला घालत होता. रुमाल खुंटीवरच राहिला. आजारापासून पहिल्यांदाच तो उघड्या तोंडाने बाहेर पडत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला रुमालाची आठवण केली नाही.

तो म्हणाला, "जातो, हंतोजी."

कितीतरी दिवसांनी त्याने मला त्या नावाने हाक मारली. हा शब्द असा लिहिणे अशुद्ध आहे. पण खोडत नाही.

मी मान वर न करता सवयीने म्हणालो, "दादा, जातो नाही, येतो म्हणावं."

तो हसला. हसला तेव्हा फक्त उजवी बाजू वर गेली. मग जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या. समोरच्या जिन्यावर.

आता दिवे लागले आहेत. वहिनी दोनदा नाक्यापर्यंत जाऊन आली. दुसऱ्यांदा आली ती चपला न काढता माझ्यासमोर उभी राहिली. "निघताना नक्की काय म्हणाले?"

मी जसेच्या तसे सांगितले. हाक कशी मारली तेही सांगितले, तिला बरे वाटेल म्हणून. ती उंबऱ्यातच खाली बसली. भिंगरी खिडकीत शिट्टी वाजवते आहे, तिला ‘पुरे’ म्हणायचेही कोणाला सुचत नाही.

मी वहिनीला समजावले, बोलायला अडचण असली की माणसाचे शब्द इकडचे तिकडे होतात, त्याला ‘येतो’च म्हणायचे असेल. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणून इथे येऊन वहीत शब्द लिहिला आणि नेहमीसारखे एकेक अक्षर तपासले. ये. तो.

एकही अक्षर ओठाळ नाही. त्याला म्हणता आले असते.